पानाची पाठ

१

वरून पाहिलं तर पानात काही खोट नव्हती. वीतभर लांब, जाड, मधल्या शिरेशी किंचित खोलगट. गडद हिरव्या जमिनीवर फिकट राखाडी-हिरवे तुकडे, जुन्या फरशीसारखे एकमेकांना खेटून बसवलेले. दोन तुकडे कुठे सारखे नाहीत, तरी सगळं पान एकदम पाहिलं की कोणीतरी मापून आखल्यासारखं वाटावं. नोर्किट लेप्चाने चष्मा कपाळावर सरकवला, बोटाला स्वच्छ रुमाल गुंडाळला आणि पानाचं टोक हलकेच वर उचललं.

पानाची पाठ जांभळी होती. सगळी नव्हे, शाईचे बारीक शिंतोडे उडावेत तशी, बुंध्याकडे दाट, टोकाकडे विरळ.

तिने दुसरं पान उलटलं. मग तिसरं.

"काय झालं, मिस?" लोकेनने विचारलं.

"हे ते झाड नाही," ती म्हणाली.

हे वाक्य तिथे, सगळ्यांसमोर बोलायला नको होतं, असं पुढे तिला अनेकदा वाटलं. पण जन्मभर वनस्पतिशास्त्र शिकवलेल्या बाईला जे दिसतं ते बोलून टाकायची सवय असते.

काचघरात चौघंजण तिच्याकडे पाहत होते. लोकेन कार्की हा गेलेल्या गजराज बस्नेतांचा भाचा, बहिणीचा मुलगा. लहानपणापासून याच घरात वाढलेला, आणि नर्सरीचं सगळं काम त्याच्याच हाती. कालिम्पोंगचं फुलांचं प्रदर्शन पुढच्या आठवड्यावर आलं होतं, म्हणून कळी दाखवायला त्यानेच नोर्किटला बोलावलं होतं. दुसरा अनुप, गजराजांचा एकुलता मुलगा, सिलिगुडीत नोकरीला. पांढरा शर्ट, पांढरी पँट, पायांत पांढरे कापडी बूट. वडिलांसाठी वर्षभर पाळायच्या सुतकाचा वेश. परवा बरखी, म्हणजे वर्षश्राद्ध होतं आणि त्यासाठी तो आला होता. त्याच्या शेजारी आठ माइल नावाच्या वस्तीतला झाडांचा व्यापारी फुर्बा शेर्पा. आणि दारात, चहाचा ट्रे धरून, गजराजांची बायको पवित्रा, जिला सगळी वस्ती आमा म्हणे. ती दारातच थांबली होती. तिला आत ये असं कोणी म्हटलं नव्हतं, आणि तसं म्हणायला हवं हेही कोणाला सुचलं नव्हतं.

"ते झाड नाही म्हणजे?" अनुप पुढे आला. "हेच तर आहे. बाबांचं आईझाड. ही बघा कुंडी, हा त्यांनी लावलेला शेवटचा टीका."

कुंडीच्या काठावर खरोखरच लाल टीका होता, तांदळाचे दाणे चिकटलेला. दसैंच्या सणाला घरातल्या मोठ्यांनी धाकट्यांच्या कपाळी टीका लावायचा. गजराज तो या कुंडीलाही लावत. बाकी कुठल्याच झाडाला हा मान नव्हता.

नोर्किटने शांतपणे समजावलं. या जातीच्या स्लिपर ऑर्किडचं साधं झाड जांभळा रंग अंगात घेऊनच जन्माला येतं. तो फुलाच्या पाकळीत दिसतो, तसाच पानाच्या पाठीवरही. गजराजांच्या आईझाडात तो रंग मुळातच नव्हता. त्याचं फूल हिरवं-सोनेरी, काचेसारखं स्वच्छ. आणि पानाची पाठ सुद्धा नितळ हिरवी. वरची नक्षी मात्र दोन्हींची सारखीच. फूल उमलेपर्यंत फरक ओळखायचा तर पान उलटावं लागतं. आणि गजराज पानाला कोणाला बोट लावू देत नसत. बोटांवरून रोग पसरतो म्हणत. त्यामुळे ते गेल्यावरही कोणी पान उलटलं नसावं.

अनुपने दाराच्या कुलपाकडे पाहिलं.

"काचघराची किल्ली कोणाकडे असते?" अनुपने विचारलं.

"एक माझ्याकडे," लोकेन म्हणाला. "दुसरी घरात, खिळ्याला."

"घरातली किल्ली काय आमा घेणार आहे?" अनुप हसला, पण डोळे हसले नाहीत. "दाजू, तू मोठा आहेस, म्हणून एवढंच बोलतो. परवाची पूजा होऊ दे. तोवर झाड जागेवर आलं, तर कुठून आलं ते मी विचारणार नाही. नाही आलं, तर पंगत उठली की मी ठाण्यात जाणार."

लोकेनने मान वर केली नाही. इथल्या रीतीने मामाने भाच्याच्या पाया पडायचं असतं. गजराज दर सणाला पडत. त्याच मामाच्या बरखीला भाच्यावर चोरीचा आळ आला होता, आणि तो नोर्किटच्या एका वाक्याने.

दारात ट्रेवरचे पेले किणकिणले. आमाने ट्रे उंबऱ्यावर ठेवला आणि ती घराकडे वळली.

२

बाकीचे गेल्यावर नोर्किटने लोकेनला दार लोटून घ्यायला सांगितलं.

"खरं सांग. कधीपासून शंका होती तुला?"

"नव्हती, मिस. शप्पथ. कळी जरा वाकडी वाटली, म्हणून तर तुम्हाला बोलावलं." तो बाकावर बसला. "मी चोरलं असतं, तर पान उलटून बघणारं एकमेव माणूस मीच घरी आणलं असतं का?"

हे तिलाही पटत होतं. पण अनुपला हे सांगितलं, तर तो म्हणणार होता की हुशार चोर असंच करतो.

"कळी कुठल्या बाजूला वाकडी?"

त्याने बोट दाखवलं. नोर्किट खाली बसली आणि झाड डोळ्यांच्या पातळीवर आणून तिने बराच वेळ पाहिलं. कळीचा दांडा एका बाजूला कलला होता. पानंही. अगदी मधलं कोवळं पानही त्याच बाजूला झुकून आलं होतं. काचघरात उजेड वरून येतो. बाकावरची इतर सगळी झाडं चहूकडे सारखी पसरली होती. हे एकटंच, कोणाची तरी हाक ऐकत असल्यासारखं एकीकडे मान करून होतं.

"हे खिडकीत वाढलंय," ती म्हणाली. "आणि इथे येऊन फार दिवस झालेले नाहीत. नाहीतर निदान नवं पान तरी सरळ झालं असतं."

मग तिने पर्समधून कापूस काढला आणि पानाच्या वरच्या बाजूवरून एकदाच फिरवला. कापूस पिवळट, किंचित चिकट झाला. शेजारच्या झाडाच्या पानावरून फिरवलेला कापूस नुसता ओला झाला. तिने दोन्ही बोळे नाकाशी नेले. पहिल्याला मोहरीच्या तेलाचा आणि धुराचा वास होता.

"स्वयंपाकघरातली खिडकी," ती म्हणाली.

लोकेनचा चेहरा उतरला. "माझी खोली बघणार?"

तिने पाहिली. नर्सरीच्या टोकाला एक खोली, खिडकीत दोरीवर वाळत घातलेला मोहरीचा पाला, कोपऱ्यात गॅसची शेगडी. खिडकीच्या फळीवर धूळ होती आणि धुळीत कुंडीचा ठसा नव्हता. पण असं काही नसणं म्हणजे पुरावा नव्हे. फळी काय, पुसता येते आणि वर धूळही बसू देता येते. तिला स्वतःचाच राग आला, की ती या मुलाच्या बाजूने पुरावा शोधते आहे. पुरावा कोणाच्याही बाजूने शोधायचा नसतो.

"मामा असता, तर पहिलं हेच म्हणाला असता," लोकेन म्हणाला, "की झाड जिवंत आहे ना ते बघा, चोराचं नंतर बघू. फुलाचं काय, म्हणायचा, दीड महिन्यात गळतं. उरलेलं वर्ष पानच बघायचं असतं. रोज सकाळी आधी त्याच्यापुढे उभा राहायचा. तोंड न धुता."

"आणि माइजू?" मामीला तो माइजू म्हणे.

"ती चहा आणायची. दारापर्यंत."

निघताना नोर्किट घरात डोकावली. आमा चुलीपुढे बसली होती. चूल आणि भोवतीची जमीन तांबड्या मातीने नुकतीच सारवलेली, ओलसर, गुळगुळीत. खिडकीच्या फळीवर तेलाचे आणि दूधपावडरचे जुने डबे ओळीने मांडलेले, प्रत्येकात एक झाड. दुपारचा उजेड समोरून डोळ्यांवर येत होता, काचेवर वाफ धरली होती. झाडांच्या नुसत्या काळ्या आकृत्या दिसत होत्या. सगळ्यांनी माना काचेकडे वळवलेल्या, कडेचं एक सोडून.

"बस, बैनी," आमा म्हणाली. "चहा ठेवलाय."

नोर्किट बसली. दोघींची ओळख जुनी, पण बोलणं नेहमी गजराजांमार्फत झालेलं. आमाने उठून एका वाटीतलं पाणी चमच्याने डब्यांना घातलं. मुळाशी, थेंबाथेंबाने, पानांच्या बेचक्यात काही सांडू न देता. मग ती परत येऊन बसली.

"दिदी, तुम्हाला काय वाटतं? कोणी नेलं असेल?"

आमाने चुलीतलं लाकूड मागे ओढलं. धूर झाला.

"मला विचारून काय होणार," ती म्हणाली. "साखर किती?"

३

फुर्बा शेर्पाचं दुकान रस्त्याच्या वळणावर होतं. मागे लांबच लांब प्लॅस्टिकचं छप्पर, त्याखाली प्लॅस्टिकच्या काळ्या कुंड्या, आणि ओळीने दिवे. उजेड वरून. नोर्किटने आत शिरताच ते पाहून घेतलं, आणि तिने ते पाहिलेलं फुर्बाने पाहिलं.

"बघा, बघा मिस, पानं उलटा पाहिजे तर. माझ्याकडे लपवायला जागाच नाही. बायकोपासून सिगारेट लपवता येत नाही मला, झाड कुठलं लपवतो."

"तुला ते झाड हवं होतं."

"हो, हवंच होतं. कोणाला नको होतं? नक्षीच्या पानाचं झाड एकदा डोळ्यांत भरलं की साध्या हिरव्या पानाकडे बघवत नाही माणसाला. माझी गिऱ्हाइकं फूल नसताना सुद्धा नेतात. ओसरीत ठेवतात, येणाऱ्याजाणाऱ्याला पान दाखवतात. आणि गजराजबाजेंचं तर..." त्याने जीभ चावली. "खरं सांगू? ओरडणार नाही ना?"

तिहार, म्हणजे दिवाळी झाल्यावर तो नर्सरीत गेला होता. काचघरात त्या वेळी कोणी नव्हतं, आणि त्याने गुपचूप पान उलटलं होतं.

"हिरवं होतं. असं हिरवं, मिस, की पान हातातून सोडवेना. म्हणजे तिहारपर्यंत खरं झाड जागेवर होतं. आणि मी चोर असतो, तर हे तुम्हाला सांगितलं असतं का?"

आज हा प्रश्न तिला दुसऱ्यांदा ऐकावा लागत होता.

"आणि चोरू कशाला?" फुर्बाने आवाज उतरवला. "ते मला मिळणारच होतं. अनुपभाइने शब्द दिलाय. बरखी झाली की नर्सरीची जमीन हॉटेलवाल्याला, झाडं सगळी मला. आईझाडासकट. प्रदर्शनात बक्षीस लागलं की बाजारात नाव होईल, म्हणून तेवढ्यापुरता थांबलो होतो."

नोर्किटला हे नवीन होतं. "लोकेनला माहिती आहे?"

"नाही. त्याला कोण सांगणार?"

"आमाला?"

फुर्बाने गल्ल्यावरची धूळ बोटाने पुसली. "तिला माहिती आहे. आम्ही बोललो तिच्या स्वयंपाकघरातच. ती चहा गाळत होती. अनुप म्हणाला, आमा, तू पण ये सिलिगुडीला, इथे उतारावर एकटी काय करणार. ती काही बोलली नाही. बाजे गेल्यापासून आम्ही सगळे विचारतोय, नर्सरीचं काय ठरवलं? जमीन तिच्या नावावर करून गेलेत ना ते. आधी म्हणाली तेरावा होऊ दे. मग म्हणाली दसैं जाऊ दे. आता म्हणते बरखी. अनुपने मग स्वतःच ठरवून टाकलं."

"हे बोलणं कधी झालं?"

"तिहारनंतर. मी पान उलटलं ना, त्याच दिवशी."

४

अनुप व्हरांड्यात बसला होता. समोर ढगांत कांचनजंघा अर्धवट दिसत होती आणि तो तिच्याकडे पाठ करून फोनवर बोलत होता. नोर्किटला पाहून त्याने फोन बंद केला.

तो वाईट मुलगा नव्हता. सिलिगुडीत दोन खोल्यांचं घर, खिडकी समोरच्या भिंतीवर उघडणारी, त्यामुळे झाड एकही जगत नाही, असं त्याने न विचारता सांगितलं. दर पावसाळ्यात उतारावरची एखादी भिंत कोसळल्याची बातमी आली की आईला फोन लागेपर्यंत त्याला घास उतरत नाही, हेही सांगितलं. वडिलांनी ऑर्किडांना जेवढा वेळ दिला त्याच्या पावभागही घराला दिला नाही, हे मात्र त्याने सांगितलं नाही. ते त्याच्या आवाजात होतं.

"तुम्ही लोकेनदाजूला वाचवायला बघताय, मिस."

"मी झाड शोधतेय."

"त्याच्याशिवाय कोण? दसैंला तो आपल्या आईकडे जाऊन टीका लावून आला. आमच्या घरात वर्षभर लाल रंग शिरलेला नाही. आमा हाटात गेली तर रंगाच्या दुकानासमोरून जात नाही, वळसा घालून जाते. आणि तो कपाळभर टीका घेऊन काचघरात. भाचाच तो, त्याला सुतक नाही, मान्य. पण मन?"

नोर्किट जागच्या जागी थांबली.

"काय म्हणालास?"

"म्हटलं, मन नको का माणसाला."

"त्याच्या आधी."

पण उत्तर ऐकायला ती थांबली नाही. ती काचघराकडे चालू लागली होती. लोकेन पाणी भरत होता. तिने त्याच्याकडून काचेचा पेला मागितला, ओल्या कापसाने कुंडीच्या काठावरचा टीका पुसला आणि कापूस पाण्यात पिळला.

"तुझा मामा टीका कशाचा लावायचा?"

"दही, तांदूळ आणि बाजारातली लाल पूड. पूड एवढी घालायचा, की पाणी घातलं की गुलाबी ओघळ यायचे खाली. पार माघापर्यंत. माइजू म्हणायची, कुंडीला जखम झालीय जशी."

पेल्यातलं पाणी गुलाबी झालं नाही. गढूळ झालं, तांबूस, आणि दोघं पाहत असतानाच निवळू लागलं. तळाशी बारीक रेतीचा पातळ थर बसला. रंग विरघळतो. माती विरघळत नाही.

"हा टीका नाही," लोकेन हळूच म्हणाला. "ही तर..."

"बोलू नकोस," नोर्किट म्हणाली. "अजून बोलू नकोस."

तिला आता सगळं दिसत होतं, आणि दिसलेलं बोलून टाकायची जुनी सवय तिने या वेळी आवरली. एका माणसाला सोडवायचं तर दुसऱ्याला, त्याच्या आयुष्यातल्या सगळ्यात अवघड दिवशी, चारचौघांत उभं करावं लागणार होतं.

५

बरखीची पूजा उरकली. भटजी दक्षिणा घेऊन गेले, पंगत उठली, वस्तीतली माणसं हात धुऊन एकेक करून निघाली. नोर्किट वाढायला म्हणून सकाळपासून स्वयंपाकघरात होती. या वेळी ती खिडकीच्या बाजूला बसली होती, उजेड पाठीमागून घेऊन, आणि डब्यांतली झाडं तिला नीट दिसत होती. कडेच्या दूधपावडरच्या डब्यातलं झाड ताठ, चहूकडे सारखं पसरलेलं. खिडकी म्हणजे काय हे ते अजून शिकत होतं. अगदी मधल्या पानाने तेवढी काचेकडे वळायला सुरुवात केली होती. गडद हिरव्यावर फिकट हिरव्याच्या फरश्या. तिने पान उलटलं नाही. गरज नव्हती.

तिने मान वर केली तेव्हा आमा तिच्याकडेच पाहत होती.

"दही संपलं का बघ, बैनी," आमा म्हणाली.

नोर्किट वाट पाहत राहिली. दह्याचं भांडं रिकामं झालं, ताटं घासून झाली. आमा बोलली नाही.

अंगणात अनुपने चपला पायांत सरकवल्या. वर्ष संपलं होतं, पांढरे बूट त्याने कोपऱ्यात ठेवले होते. फुर्बा उंबऱ्याशी सुपारी कातरत होता. लोकेन भिंतीला टेकून उभा होता, आपली पिशवी भरून; ठाण्यातून परत या घरात यायचं नाही, असं त्याने ठरवलेलं दिसत होतं.

"झाड आलं नाही, दाजू," अनुप म्हणाला. "मी निघतो."

"थांब," नोर्किट म्हणाली. "आधी माझं ऐक. मग जा."

ती जिन्याच्या पायरीवर बसली आणि वर्गात बोलावं तसं, न थांबता, आवाज न चढवता बोलली. खोटं झाड खिडकीत वाढलेलं आहे, कारण ते एका बाजूला झुकलंय. ती खिडकी स्वयंपाकघरातली आहे, कारण पानांवर तेल आणि लाकडाचा धूर आहे. फुर्बाकडे उजेड वरून येतो, शिवाय ज्याला झाड मिळणारच आहे तो चोरत नाही. अनुपच्या घरात झाड जगत नाही. लोकेनकडे गॅस आहे, धूर नाही.

"पण तो इथेच जेवतो," अनुप म्हणाला. "या चुलीवरचं. इथलंच एखादं झाड उचललं असेल."

"असेल. म्हणून मी कुंडीकडे वळले. ती खरी कुंडी नाही. तिच्यावरचा टीका लाल पुडीचा नाही, मातीचा आहे. तांबड्या मातीचा, चूल सारवतात तिचा. आता विचार कर. लोकेनला खोटा टीका करायचा असता, तर त्याने काय केलं असतं? दसैंची पूड त्याच्या आईच्या घरात होती. हाटात कुठल्याही दुकानात मिळते. त्याला ती हातात घ्यायला कसली आडकाठी? ज्याने हा टीका केला, त्याला लाल पूड हातात घेणं जमलं नाही. कोणी बघत नव्हतं, तरी जमलं नाही. खोटं करतानाही सुतक मोडवलं नाही त्या माणसाला."

अनुपने स्वतःच्या हातांकडे पाहिलं. "सुतक तर मला होतं."

"तुला होतं. आणि तू सिलिगुडीत होतास. तिहारनंतरचं तुमचं ते बोलणं झालं, त्या दिवसापासून परवापर्यंत."

फुर्बाचा अडकित्ता थांबला. अनुपच्या चेहऱ्यावर अर्थ हळूहळू चढत गेला, आणि नोर्किट तिथेच गप्प झाली. नाव तिने घेतलं नाही. पुढचं वाक्य तिचं नव्हतं.

स्वयंपाकघरात डबा सरकल्याचा आवाज आला.

आमा बाहेर आली. तिच्या दोन्ही हातांत दूधपावडरचा डबा होता. तिने तो पायरीवर ठेवला, मग वरचं शेवाळ बोटाने बाजूला सारून कुंडीचा फुटका तुकडा बाहेर काढला. तुकड्याच्या काठावर गुलाबी डाग खोलवर मुरला होता आणि त्यात तांदळाचा एक दाणा होता.

"मुळं कुंडीला धरून बसली होती," ती म्हणाली. "ओढली असती तर तुटली असती. म्हणून कुंडी फोडली. त्यांच्या हातचा टीका होता तिच्यावर. तो टाकवला नाही, झाडाच्या मुळाशीच ठेवला."

"आमा," अनुपचा आवाज फुटला. "तू? तू मला सांगायचं ना."

"काय सांगायचं? तू विचारलं नव्हतंस, बाबू. तू सांगत होतास." ती लोकेनकडे वळली. "भान्जा, तुझ्यावर येईल असं मला वाटलं नव्हतं. आलं तेव्हा बोलायला हवं होतं. बोलले असते तर हे झाड त्याच दिवशी गाडीत गेलं असतं. तेवढ्यासाठी दोन दिवस तुला उभं जाळलं मी." तिने वाकून त्याच्या पायांना हात लावला. लोकेन घाईने मागे सरला, पण तोवर लावून झाला होता.

फुर्बा खोट्या झाडाबद्दलच विचार करत होता. "म्हणजे ते काचघरातलं... ते तुम्ही वाढवलेलं? चुलीशेजारी? आमा, महिनाभर मी त्याला बाजेंचं समजून हात जोडत होतो."

आमाला हसू आलं, वर्षभरात पहिल्यांदा, आणि लगेच गेलं.

"त्यांनी फेकलेलं रोप होतं. साधं निघालं म्हणून. मी डब्यात लावलं. पान काही कमी देखणं नव्हतं त्याचं." तिने पदराने डब्याचा काठ पुसला. "शेवटी शेवटी ते मला म्हणाले, नर्सरीचं काय ते तू ठरव. मला. साखर किती घालायची एवढंच जिला विचारलं जायचं, तिला. मला ठरवताच येईना. म्हणून तेरावा म्हटलं, दसैं म्हटलं. मग तुम्ही दोघं माझ्या चुलीपुढे बसून ठरवायला लागलात, तेव्हा झाड तेवढं लपवलं. वाटलं, ते हरवलं तर सगळं थांबेल. बोलावं लागणार नाही."

लोकेनने खांद्यावरची पिशवी खाली ठेवली.

आमाने डबा उचलला. घराकडे न वळता ती अंगण ओलांडून काचघरापाशी गेली, आणि जिथे ती नेहमी ट्रे घेऊन थांबे त्या दारातून आत शिरली. मोकळ्या बाकावर, वरून उजेड पडत होता तिथे, तिने झाड ठेवलं, डबा थोडा फिरवला, आणि दारात जमलेल्या चौघांकडे वळली.

"नर्सरी विकायची नाही," ती म्हणाली. "मी चालवणार."